चरवाले काका

माझ्या धाकट्या काकांना सगळा परिसर ‘चरवाले’ म्हणायचा. आमचं आडनाव विचारलं असतं तर अर्ध्या लोकांना सांगता आलं नसतं, पण ‘चरवाल्यांचं घर कुठे’ म्हटलं की बसचा कंडक्टरसुद्धा कुठे उतरायचं ते सांगायचा. त्या घराच्या फाटकावर आता सरकारी पाटी आहे. ‘पाणथळ संवर्धन क्षेत्र’ असं मोठ्या अक्षरांत, आणि खाली आत काय काय करू नये याची भली मोठी जंत्री. काकांचं नाव पाटीवर कुठेच नाही. ते असायला हवं होतं असं माझं मत आहे. माझं मत मी कोणी विचारलं नाही तरी देते. जन्मभर दवाखान्यात नर्स होते, आणि वॉर्डमध्ये माघारी मला ‘तोफ’ म्हणत हे मला पक्कं ठाऊक आहे. काका मला ‘सिस्टर’ म्हणायचे. सख्खा काका पुतणीला सिस्टर म्हणतो, हे ऐकून नवी माणसं गोंधळायची आणि काकांना त्याची भारी मजा वाटायची.

चर म्हणजे पाणी निघून जावं म्हणून जमिनीत खणलेली लांब, अरुंद वाट. आजोबांनी ती जमीन घेतली तेव्हा तिला जमीन म्हणावं अशी तिची लायकी नव्हती. ओढ्याच्या काठची सखल दलदल, गुडघाभर चिखल, डोक्यावर जाणारं लव्हाळं. दुसरं कोणी घेईना म्हणून आजोबांना मिळाली. मधल्या एकुलत्या एका उंचवट्यावर त्यांनी घर बांधलं. पहिल्याच पावसाळ्यात त्यांची थोरली मुलगी, नुकती कुठे चालायला लागलेली, तापाने गेली. डॉक्टर म्हणाले डास. आजोबा म्हणाले पाणी. त्या दिवसापासून पाणी हे आमच्या घराचं हाडवैरी झालं. आजोबांनी फावडं उचललं ते हात थकेपर्यंत खाली ठेवलं नाही. घरापासून ओढ्यापर्यंत एक मोठा चर, त्याला डावी-उजवीकडून येऊन मिळणारे लहान चर, असं करत करत त्यांनी अख्खी दलदल वाळवली आणि तिची शेतं केली.

त्यांना तीन मुलगे. थोरले काका आणि माझे वडील शिकले आणि शहरात गेले. धाकट्याच्या हाती फावडं आलं. कोणी त्याला विचारलं नव्हतं, आणि त्यानेही कधी तक्रार केली नाही. काका बुटके होते, खांद्यांना रुंद, आणि चालायचे ते कायम खाली बघत. पाऊस यायला लागला की सगळं जग वर बघतं. काका जमिनीकडे बघायचे. कुठे पाणी थबकतंय, कुठे गवताचं पातं वाकडं होतंय, तिकडे त्यांची नजर. लहानपणी सुटीत आम्ही मुलं तिथे जायचो तेव्हा खेळता खेळता आमच्यापैकी कोणी चरात ढेकूळ टाकलं, तर एरवी मुंगीलासुद्धा न रागावणारा हा माणूस असा काही ओरडायचा की दुपारभर कोणी त्यांच्यासमोर यायचं नाही. संध्याकाळी तेच काका आम्हाला खांद्यावर घेऊन ओढ्यापर्यंत नेऊन आणायचे.

चराची निगा ही रोजची गोष्ट असते. पाला अडकतो, कडा ढासळते, खेकडे भोकं पाडतात. मोठ्या चराच्या तोंडाशी आजोबांनी एक खुबी करून ठेवली होती. तोंड कधी तुंबलंच, तर पाणी मागे शेतात फिरू नये म्हणून बाजूने, दगडांच्या आडून, एक वीतभर रुंदीची पळवाट काढली होती. तिला घरात ‘कान’ म्हणायचे. आजोबांची शिकवण अशी की चर साफ करायचा फावड्याने आणि कान साफ करायचा टाचेने. फावडं घातलं तर कान मोठा होतो आणि कड खचते. म्हणून सकाळच्या फेरीत कानाजवळ यायचं, उजवी टाच आत घालायची, मागे ओढायची, एवढंच. साचलेला गाळ निघून यायचा आणि पाणी गुळगुळ करत ओढ्याकडे पळायचं. काकांना हे शिकवलं तेव्हा ते इतके लहान होते की टाच तिथवर पोचावी म्हणून आजोबांचा हात धरून उभं राहावं लागायचं.

काकींबद्दल सांगितलं नाही तर काका समजायचे नाहीत. काकी उंच होत्या, बोलक्या होत्या, आणि काकांना जाता-येता टोमणे मारायच्या. ‘ह्यांचं पहिलं लग्न चराशी झालंय, मी आपली दुसरेपणावर दिलेली,’ असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या. मूलबाळ नव्हतं. त्याचं दुःख त्या दोघांनी कसं वाटून घेतलं हे मला माहीत नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि माझी हिंमत होत नाही अशा गोष्टी थोड्याच आहेत.

काकींच्या शेवटच्या आजारपणात मी रजा काढून तिथे राहिले होते. त्यांचा पलंग खिडकीशी लावला होता. एके दिवशी इतका पाऊस झाला की चरांनाही आवरेना आणि खालच्या शेतात पाणी उभं राहिलं. सकाळी काकींनी मला हाक मारली. पाण्यावर पक्षी उतरले होते. बगळे होते, बदकं होती, लांब चोचीचे, काठ्यांसारख्या पायांचे आणखी कुठले तरी होते. कुठून आले देव जाणे, इतकी वर्षं त्या घरात मी ते कधी पाहिले नव्हते. काकी उशीला टेकून बघत बसल्या. काका आत आले तेव्हा म्हणाल्या, “अहो, दोन दिवस राहू द्या ना पाणी. किती छान दिसतंय.”

काका म्हणाले, “दोन दिवसांत मुळं कुजतात.”

आणि फावडं घेऊन गेले. संध्याकाळपर्यंत पाणी उतरलं, पक्षी उडाले. काकींनी भिंतीकडे कूस बदलली. मी मात्र तोफ डागली. काकांनी मुकाट ऐकून घेतलं आणि पाय धुवायला गेले. त्यानंतर पुन्हा तसं पाणी उभं राहायच्या आत काकी गेल्या.

मरणाच्या घरात माणसं आली की जमिनीच्या गोष्टी निघतातच. थोरल्या काकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, त्याला आम्ही दादा म्हणतो. ट्रक आहेत त्याचे. वाईट माणूस नाही, पण त्याला मोकळी जागा दिसली की तिथे गोदाम दिसायला लागतं. त्याने एक गोदामवाला गाठून ठेवला होता. सगळ्यांचे हिस्से करायचे, भराव टाकायचा, रस्त्याच्या बाजूने विकत जायचं. कायद्याने जमीन तिन्ही घरांची होती आणि काकांच्या मागे कोणी नव्हतं, त्यामुळे आज ना उद्या हे होणार हे सगळ्यांना दिसत होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती आम्ही बसलो होतो. दादाने सगळं समजावून सांगितलं. काका ऐकत होते. शेवटी म्हणाले, “तुकडे करायचे नाहीत.”

“मग काय करायचं, काका? तुमच्यानंतर कसणार कोण?”

“पाण्याला देऊन टाकू.”

आम्हाला वाटलं दुःखाने डोकं फिरलं. पण त्यांनी चौकशी करून ठेवली होती. पाणथळ जागा पुन्हा जिवंत करायचं काम करणारं एक सरकारी खातं होतं, काका एकटे तिथे जाऊन आले होते. खिशातल्या कागदावर पत्ता होता. “ती दोन दिवस मागत होती,” काका माझ्याकडे बघून म्हणाले, “मी नाही दिले.” एवढं बोलून ते उठून बाहेर गेले. मग मी दादाशी भांडले, दादा माझ्याशी भांडला, आणि शेवटी सगळ्यांनी सह्या केल्या. दादानेही केली, कारण तो बोलाचालीला कच्चा असला तरी व्यवहाराला पक्का. करारात एक अट होती: ठरलेल्या मुदतीत तिथे पाणी थांबलं नाही, तर जागा निरुपयोगी समजून खातं ती घरच्यांना परत करणार. दादा मला जाताना म्हणाला, “वाळलेली जमीन आहे ती ताई, आजोबांनी वाळवलेली. बघ तू, आपल्याकडेच येते की नाही.” काकांनी मात्र त्या घरात राहण्याची परवानगी मागून घेतली. खात्याने दिली, पण जमिनीला हात लावायचा नाही या बोलीवर.

खात्याकडून जी बाई आली तिचं नाव काकांनी पहिल्याच दिवशी ‘पक्षीवाली’ ठेवलं. तिशीतली, गळ्यात दुर्बीण, पायात गमबूट, आणि बोलायला लागली की तासभर. काकांना ती आवडली. मला आधी आवडली नाही, पण मला आधी कोणीच आवडत नाही. तिने काकांना बरोबर घेऊन सगळे चर बघितले. काकांनी एकही लपवला नाही. प्रत्येक चराच्या तोंडाशी उभे राहून ‘हा इकडून येतो, तिकडे जातो’ असं सांगितलं आणि तिच्या माणसांनी तिथे मातीची पोती रचून आणि फळ्या ठोकून तोंड बंद केलं. घराच्या पायाभोवतीचा चर तेवढा, काका तिथे राहणार म्हणून, उघडा ठेवला. मोठ्या चराचं तोंड बंद होत होतं तेव्हा काका तिथे थांबले नाहीत. घरी येऊन त्यांनी स्वतःचा चहा केला आणि तो तसाच गार होऊ दिला. हे मला पक्षीवालीनेच पुढे सांगितलं.

पावसाळा आला आणि गेला. पाणी थांबलं नाही. चढायचं, खालच्या शेतात पसरायचं, पक्षी घिरट्या घालायचे, आणि आठवड्याभरात सगळं पुन्हा ओलसर चिखल. पक्षीवाली म्हणाली, माती इतक्या वर्षांनी बदलली असेल, वेळ लागेल. दुसरा पावसाळा आला, तोही तसाच गेला. तिने ठिकठिकाणी खड्डे घेऊन माती तपासली. वरचे अधिकारी येऊन गेले. घोडं कुठे पेंड खातंय ते कोणाला कळेना. मुदतीत एकच पावसाळा उरला होता. दादा आता मला दर आठवड्याला फोन करायचा आणि आवाजात काळजी आणून काकांच्या तब्येतीची विचारपूस करायचा. मी म्हटलं, “दादा, काकांची तब्येत ठणठणीत आहे, तू गोदामाची बोल.” तो हसला. नाही म्हणाला नाही.

आणि मग एक दिवस पक्षीवालीचा फोन आला. आवाज दबका. “ताई, एक विचारू? रागावू नका. काकांना हे खरंच हवंय ना?”

मी रागावले. ज्याने जमीन दिली त्याच्यावर संशय घेता, वगैरे, मला जे जे सुचलं ते बोलले. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ऑफिसात लोक बोलायला लागलेत की कोणीतरी मुद्दाम पाणी सोडतंय. तिथे राहतं कोण? काका एकटेच. मी कोणाला काही म्हटलेलं नाही. पण तुम्ही या एकदा.”

मी गेले. मी निवृत्त झाले होते, घरी मला अडवणारं कोणी नव्हतं. तिसऱ्या पावसाळ्याची सुरुवातच होती आणि खालचं शेत पाण्याने भरलं होतं. काका मला बघून खूश झाले, “सिस्टर आल्या, आता इंजेक्शन,” म्हणाले. घर स्वच्छ होतं, भांडी जागच्या जागी. फावडं दाराआड उभं होतं आणि त्याच्या पात्यावर गंज चढला होता. ते बघून मला बरं वाटलं. हा माणूस खोटं बोलत नाहीये.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फिरायला निघाले, मीही निघाले. ते माझ्या वडिलांच्या आठवणी सांगत होते. दोघं भाऊ एका चादरीत झोपायचे आणि माझे वडील झोपेत लाथा मारायचे, ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती, पुन्हा ऐकत होते. मोठ्या चराच्या तोंडाशी पोती होती, फळ्या होत्या, सगळं घट्ट. काका बोलत बोलत त्यांच्या बाजूने लव्हाळ्यात शिरले, क्षणभर थांबले, उजवी टाच गवताखाली घातली, मागे ओढली, आणि पुढे चालायला लागले. गोष्ट थांबली नाही. ‘आणि सकाळी तोच म्हणायचा, तू लाथा मारतोस,’ असं म्हणून ते हसले. माझ्या मागे पाणी गुळगुळायला लागलं होतं.

मी तिथेच उभी राहिले.

वॉर्डमध्ये मी अशी माणसं पाहिली आहेत. घरी शेतावर राहिलेला पंप चालवायला मध्येच उठून बसणारा, शुद्धीत नसताना हवेतल्या हवेत कणीक मळणारी. त्या हातांना कोणी सांगितलेलं नसतं की आता काम संपलं. पण हा माणूस पूर्ण शुद्धीत होता, माझ्याशी बोलत होता, आणि ज्या पाण्यासाठी त्याने घरदार देऊन टाकलं ते पाणी त्याचीच टाच रोज सकाळी सोडून देत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. खात्याने माती तपासली, पाऊस मोजला, पण काकांच्या पायाकडे कोण बघणार?

“काका,” मी म्हटलं, “हे काय केलंत?”

“काय केलं?”

“आत्ता. पायाने.”

त्यांनी पायाकडे पाहिलं. टाच चिखलाने भरली होती. त्यांनी मागे वळून गवताकडे पाहिलं, मग ओढ्याकडे जाणाऱ्या पाण्याकडे. मला वाटलं होतं ते रागावतील, नाही म्हणतील. त्यांचा चेहरा इतका भाबडा आणि इतका घाबरलेला झाला की मी तो पुन्हा बघायला तयार नाही.

“कान,” ते म्हणाले.

“खात्याला तो दाखवला नव्हता तुम्ही?”

“त्यांनी चर विचारले. कान म्हणजे काय चर आहे का?” मग थोड्या वेळाने, “मी हात लावला नाही गं जमिनीला. खरंच सांगतो.”

ते तिथेच ओल्यात बसले. मी शेजारी बसले, साडी भिजली, भिजू दे म्हटलं. ते बोटांवर हिशेब लावत होते. दोन पावसाळे. कितीदा पक्षी आले आणि गेले. मग म्हणाले, “तिला तेव्हा नाही म्हटलं. आणि आता हो म्हणूनही मीच...”

कान त्यांनी स्वतःच बुजवला. पक्षीवालीला मी फोन केला, ती धावत आली, तिची माणसं करतील म्हणाली. काका म्हणाले, “नको. माझ्या बापाने काढलाय, मी बुजवतो.” गंजलेलं फावडं आणलं. चिकणमाती थरथराने घालत, प्रत्येक थर पायाने दाबत त्यांनी ते वीतभर भोक बंद केलं. वर दगड ठेवला. काम इतकं नीट होतं की बघणाऱ्याला वाटावं हे बांधतायत, बुजवत नाहीयेत. पक्षीवाली डोळे पुसत होती. तिने काकांचा शब्द खरा धरला, ऑफिसात जाऊन सांगितलं की जुनी पळवाट सापडली, बंद केली. कोणामुळे हे कोणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. त्या दिवसापासून ती मला आवडते.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते उगाच नाही.

मी आणखी काही दिवस राहिले होते. तिसऱ्या सकाळी काका फिरून आले ते दारातच थांबले. “बघ,” म्हणाले आणि उजवा पाय पुढे केला. टाच चिखलाने माखली होती. दगड सरकवून त्यांनी पुन्हा माती ओढली होती. या वेळी मध्येच लक्षात आलं, तेवढंच. मग त्यांनी वाट बदलून पाहिली, दुसऱ्या बाजूने फिरायला गेले. तिथेही एक जुना चर होता, तिथे पाय गेला. जाड बूट घालून पाहिले. सकाळी घराबाहेरच पडायचं नाही असं ठरवलं, तर दुपारी गवतात उभे सापडले, आणि आपण इथे का आलो हे त्यांना सांगता येईना. त्या माणसाने सबंध आयुष्यात दुसरं काही केलंच नव्हतं. मी चिडले, ओरडले, एकदा तर म्हटलं की तुम्हाला खाटेला बांधून ठेवते.

“बांध,” ते म्हणाले. थट्टा नव्हती.

संध्याकाळी आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. पाणी वाढत होतं, कुंपणाचे खांब अर्धे बुडाले होते. काका म्हणाले, “सिस्टर, तुझ्याकडे जागा आहे का?”

“कशाला?”

“मी इथे असेपर्यंत इथे पाणी राहायचं नाही.”

मी म्हटलं, मी इथे राहते, तुमच्यावर लक्ष ठेवते. म्हणाले, “किती दिवस? तू झोपशील की नाही कधी?” मी म्हटलं, तुमचं घर आहे, तुम्हाला कोणी जा म्हटलेलं नाही. ते म्हणाले, “म्हणूनच. कोणी म्हटलं असतं तर भांडलो असतो.”

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. त्यांचं सामान एका पेटीत मावलं. फावडं त्यांनी घेतलं नाही. दार ओढून घेतलं, किल्ली पक्षीवालीच्या हातात दिली आणि बसस्टॉपपर्यंत एकदाही खाली बघितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना समोर बघत चालताना पाहिलं, आणि ते दोनदा ठेचकाळले.

माझं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. काकांनी तिथे स्वतःला फार जपून ठेवलं. खुर्ची सरकवताना आवाज होणार नाही याची काळजी, नळ थेंबभर उघडायचा, माझ्या शेजारणीलाही ‘अहो ताई’. पाहुण्यासारखे वागू नका म्हणून मी रोज भांडायचे. दिवसभर काही काम नसलं की ते हात मांडीवर उपडे ठेवून बसायचे. पक्षीवालीचा फोन येणार म्हटलं की मात्र सकाळपासून तयार. पाणी थांबलंय, ती सांगायची. आज अमुक पक्षी, काल तमुक. काका नावं समजून घ्यायचे आणि फोन ठेवल्यावर मला सांगताना चुकवायचे. दादाचे फोन बंद झाले होते. एकदा बघायला चला असं ती प्रत्येक वेळी म्हणायची. ते दर वेळी म्हणायचे, “मुदतीची तपासणी होऊ दे. मग बघू.”

तपासणीला थोडे दिवस उरले असताना ती फोनवर नेहमीसारखी बोलेना. मी फोन मोठ्या आवाजावर टाकून काकांच्या समोर ठेवला.

“काका, तपासणीसाठी पाण्याची जी खूण ठरवलीय, तिथपर्यंत पाणी चढत नाहीये. थोडंच कमी आहे, पण तपासणीला चालणार नाही. सगळं शोधलं. एकच जागा उरलीय.” ती थांबली. “घराच्या पायाभोवती तो चर आहे ना, तो आम्ही बंद केला नव्हता. घरात तुम्ही राहत होतात म्हणून. पाणी तिथून जातंय.”

काकांनी हात मांडीवर उपडे ठेवले.

“तो बुजवला तर घर पाण्यात जाईल,” ती म्हणाली. “भिंती मातीच्या आहेत. आज ना उद्या पडेल. तुम्ही नको म्हणालात तर मी नाही बुजवणार. तपासणीचं काय व्हायचं ते होईल. मी ऑफिसला सांगीन माझा निर्णय आहे.”

रस्त्यावरून कोणीतरी भंगार विकत घेणारा ओरडत गेला. काकांनी खिडकी बंद करायला मला खूण केली, आवाज नीट यावा म्हणून. मग फोनवर वाकून, ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी बोलावं तसे मोठ्याने म्हणाले, “दारं उघडी ठेव, पोरी. सगळी. स्वयंपाकघराचंसुद्धा. बंद दारावर पाणी जोर करतं, भिंत एकदम जाते. उघडं असलं की सावकाश आत येतं.”

पलीकडून ती रडत होती. मीही रडत होते, लपवायचं काही कारण नव्हतं. या माणसाच्या बापाने ज्या पाण्यापासून घर राखलं, त्या पाण्याला हा माणूस दार उघडून देत होता, आणि वर भिंतीला इजा कमी व्हावी म्हणून काळजीही घेत होता. ती म्हणाली, “घाई नाही काका. दोन-चार दिवस विचार करा, मी पुन्हा फोन करते.”

काकांनी हात वर करून मला थांबवलं, जणू मीच बोलत होते. फोनकडे न बघता, माझ्याकडे बघत ते म्हणाले, “तिला सांग, आजच बुजव म्हणावं. उद्या विचारलं तर मी नाही म्हणेन.”

मी सांगितलं. तिने त्याच दुपारी चर बुजवला.